चार वर्षं फौजेत गेली, आता कॉलेज 'सेकंड इयर'ला घेईल का?

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलून:

लिहिणारा साताऱ्याकडचा, वय २३. बारावी सायन्स २०२१ ची, म्हणजे परीक्षाच रद्द झाली ती बॅच. मग जवळच्या कॉलेजात एफवाय बीएस्सी केलं, गणिताचा एक पेपर राहिला, एटीकेटीवर एसवायला गेला आणि सेमिस्टर चालू असतानाच अग्निवीर भरतीत (चार वर्षांची फौजेतली नोकरी, नंतर थोड्यांनाच कायम करतात) निवड झाली. जानेवारी २०२३ ला ट्रेनिंगला हजर. आता चार वर्षं संपत आलीयत. कायम केलं तर प्रश्नच नाही, नाही केलं तर पुण्यात एखाद्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला थेट अ‍ॅडमिशन घ्यायचंय. जुन्या कॉलेजात फोन केला तर "सिलॅबस बदललाय, पहिल्यापासून कर" एवढं सांगून फोन ठेवला. वडिलांना सेवानिधीच्या (चार वर्षं संपल्यावर एकरकमी मिळणाऱ्या) पैशात गोठा वाढवायचाय, मामा म्हणतात या वयात पोराटोरांत जाऊन काय बसतोस. मध्येच एक ओळ: "युनिटमध्ये इग्नूचा फॉर्म भरून घेतला होता पण ते काय खरं कॉलेज नव्हे." आणि शेवटी विचारलंय की आत्तापासून कॉलेजची चौकशी करतोय हे वरिष्ठांना कळलं तर याला राहायचंच नाही असं समजतील का.

उत्तर:

आधी त्या इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, ओळीबद्दल बोलू, कारण तू ती जाता जाता लिहिलीस आणि मला अख्ख्या पत्रात तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. (अरे-तुरे करतेय, तेवीस वर्षांच्या पोराला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही, राग मानू नको.)

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हाच शिक्षण मंत्रालयाने सांगितलं होतं की अग्निवीरांसाठी तीन वर्षांची वेगळी पदवी असेल, ती इग्नू देईल, तिचे निम्मे क्रेडिट तुम्ही नोकरीत असताना घेतलेल्या ट्रेनिंगचे धरले जातील आणि उरलेले निम्मे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, गणित, कॉमर्स, टुरिझम, शेती अशा विषयांतून मिळवायचे. एका वर्षाचं पुरं झालं तर सर्टिफिकेट, दोनचं झालं तर डिप्लोमा, तिन्ही वर्षांचं झालं तर पदवी. युनिटने तुमच्याकडून फॉर्म भरून घेतला तो बहुतेक याचाच. म्हणजे तू मला विचारतोयस की मी परत विद्यार्थी कसा होऊ, आणि कागदावर तू कदाचित आत्तासुद्धा विद्यार्थी आहेस, फक्त गेली दोन-तीन वर्षं तिकडे बघितलेलं नाहीस.

तेव्हा पुण्याच्या कॉलेजांच्या वेबसाइटी बघायच्या आधी एवढं कर, तुझा इग्नूचा एनरोलमेंट नंबर शोध. युनिटमध्ये शिक्षणाचं काम बघणारे जे जेसीओ किंवा हवालदार असतील त्यांच्याकडे यादी असेल. तो नंबर टाकून इग्नूच्या साइटवर ग्रेड कार्ड निघतं, त्यात दिसेल कुठली असाइनमेंट पोचली, कुठल्या पेपरला बसलास, काय शिल्लक आहे, आणि ट्रेनिंगचे क्रेडिट चढलेत की नाही. चढले नसतील तर ते युनिफॉर्ममध्ये असतानाच चढवून घे, कारण सही करणारा माणूस आज तुझ्यापासून चार खोल्या पलीकडे बसतो आणि एकदा घरी आलास की त्याच सहीसाठी दोन दिवस रेल्वेने जावं लागेल. इग्नूची परीक्षा जूनला असते आणि डिसेंबरला. तिथली तीन वर्षांची पदवी साधारण सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते, त्यामुळे २०२३ किंवा २४ ला नाव घातलेलं असेल तर वेळ गेलेली नाही, पण खूप उरलीय असंही नाही.

आता "ते काय खरं कॉलेज नव्हे" हे कुणी सांगितलं तुला? कट्टा नाही, गॅदरिंग नाही, रोज जायचं नाही, या अर्थाने नसेल खरं कॉलेज. पण राज्यसेवा असो, यूपीएससी असो, बँकेची परीक्षा असो, जिथे 'कुठल्याही शाखेची पदवी' एवढंच लिहिलेलं असतं तिथे ही पदवी पदवीच आहे. तुला जर पदवी त्याच्यासाठी हवी असेल तर पुण्यात जाऊन परत तीन वर्षं प्रॅक्टिकलची जर्नल लिहायची काय गरज आहे मला खरंच कळलेलं नाही. आणि पोलीस भरतीचं डोक्यात असेल तर शिपायाला बारावी चालते, ती तुझ्याकडे आहे. केंद्राच्या सशस्त्र पोलीस दलांत अग्निवीरांना राखीव जागा आणि वयात सूट जाहीर झालेली आहे, तिथेही शिपायाच्या जागेला पदवी मागत नाहीत.

तुझ्या पत्रात पुणे पाच वेळा आलंय, कॉम्प्युटर दोनदा आणि कॉम्प्युटर शिकून नेमकं काय करायचंय ते एकदाही नाही. हे टोमणा म्हणून नाही सांगत. फौजेतून परत येणाऱ्या बऱ्याच मुलांचं असं होतं की जिथं सोडलं तिथूनच परत सुरू करायचं असं डोक्यात पक्कं बसतं, जसं काही एसवायचा तो बाक रिकामा ठेवलाय आणि आपण जाऊन बसायचं बाकी आहे. अठराव्या वर्षी बीएस्सी का घेतलं होतंस? मार्क होते, जवळ कॉलेज होतं, मित्र जात होते, असंच ना? तो निर्णय तेव्हा ठीक होता, पण तेवीसाव्या वर्षी तोच पुढे ओढायची सक्ती कुणी केलेली नाही.

बरं, समज खरंच कॉम्प्युटरमध्ये जायचंय. मग फोनवर त्या माणसाने जे सांगितलं ते थोडं उलगडून बघू, कारण तो निम्मं बरोबर बोलला.

सिलॅबस बदललाय हे खरं आहे. आपल्याकडे विद्यापीठांच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम लागू झाला, तू एफवाय केलंस ते जुन्या पॅटर्नमध्ये. त्यामुळे तुझे जुने विषय नव्यात कुठे बसतात हे कुणीतरी ठरवावं लागतं, त्याला समकक्षता म्हणतात, आणि ती ठरवायचं काम विद्यापीठाचं असतं, खिडकीवरच्या माणसाचं नाही. "पहिल्यापासून कर" हा त्याचा स्वतःचा अंदाज असू शकतो किंवा जेवणाची सुट्टी झाली असेल. तेव्हा फोनवर काही विचारायचंच नाही. रजेवर येशील तेव्हा प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज लिही, त्यात पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी) नंबर, एफवायचं वर्ष, दोन्ही सेमिस्टरच्या मार्कलिस्टच्या झेरॉक्स, आणि तीन प्रश्न. माझा राहिलेला पेपर जुन्या अभ्यासक्रमाने अजून देता येतो का, नसेल तर त्याच्या बदल्यात कुठला द्यायचा? माझ्या प्रवेशाची मुदत संपली आहे का? आणि दुसऱ्या वर्षाला परत यायचं झालं तर कुठले जादा विषय करावे लागतील? दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घे. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मागता येतं, आणि ते उत्तर "नाही" असं आलं तरी तुझ्या उपयोगाचं, कारण मग विद्यापीठात कुणाकडे जायचं ते कळतं.

मुदतीचं जरा नीट समजून घे, कारण इथेच जास्त मुलं अडकतात. तीन वर्षांची पदवी साधारण पाच, फार तर सहा वर्षांत संपवायची असा नियम बऱ्याच विद्यापीठांत जुन्या पॅटर्नला आहे. तू २०२१ ला नाव घातलंस, म्हणजे २०२७ च्या जूनमध्ये परत जाशील तेव्हा सहा वर्षं उलटलेली असतील. नव्या पॅटर्नमध्ये मध्येच बाहेर पडून परत यायची सोय आहे आणि एकूण सात वर्षांची मुदत धरलेली आहे. तू या दोन्हीच्या बरोबर मधे उभा आहेस, त्यामुळे तुला कुठला नियम लावणार हे आधी विचारून ठेवणं गरजेचं आहे, अ‍ॅडमिशनच्या आठवड्यात नाही.

यात तुझ्या बाजूने एक गोष्ट आहे. अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणून जे खातं असतं, आता त्याला अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) जोडलेला आहे, त्यात २०२१-२२ पासूनचे क्रेडिट ठेवता येतात आणि ते सात वर्षांपर्यंत चालतात. तुझं एफवाय नेमकं त्याच वर्षाचं. डिजिलॉकरला आधारने लॉगिन करून बघ विद्यापीठाने तुझी मार्कलिस्ट आणि क्रेडिट चढवलेत का, पाच मिनिटांचं काम आहे. नसतील तर अर्जात चौथा प्रश्न तो.

पण एवढं सगळं जुळलं तरी पुण्यातल्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला थेट दुसऱ्या वर्षाला घेतील असं मला वाटत नाही, आणि इथे मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. कारण ती नुसती कॉलेजची बदली नाही, कोर्सचीच बदली आहे. तिथले पोरं पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंग, इलेक्ट्रॉनिक्स, स्टॅटिस्टिक्स करून आलेली असतात, तू फिजिक्स-केमिस्ट्री करून आलास. त्यात विद्यापीठ वेगळं, म्हणजे टीसी, मायग्रेशन, पात्रता प्रमाणपत्र हे सगळं आलं, आणि दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याचं पहिलं वर्ष साधारणपणे पूर्ण पास लागतं, एटीकेटी गळ्यात घेऊन कुणी घेत नाही. तेव्हा साधी बीएस्सी जुन्याच विद्यापीठात पुरी करायची असेल तर दुसऱ्या वर्षाची धडपड कर, तिथे शक्यता आहे. कॉम्प्युटरच करायचं असेल तर एफवायला नव्याने बस, किंवा हा तिसरा रस्ता बघ.

एमसीएला बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटरच लागतं असं नाही. बीए, बीकॉम, बीएस्सी कुठलीही पदवी चालते, फक्त बारावीला किंवा पदवीला गणित असावं लागतं, सोबत किमान टक्केवारी आणि सीईटी. तुझं बारावीला गणित आहे. म्हणजे इग्नूची पदवी नेट लावून पुरी केलीस, सीईटी दिलीस, तर दोन वर्षांचं एमसीए पुण्यातल्या कॉलेजात करता येऊ शकतं, आणि ते 'खरं' कॉलेज असेल, कट्ट्यासकट. पहिल्यापासून बीएस्सी करायला २०३० उजाडेल, या रस्त्याने साधारण त्याच सुमाराला तू पोस्ट ग्रॅज्युएट असशील. कॉम्प्युटरची पार्श्वभूमी नसलेल्यांना तिथे ब्रिज कोर्स करायला लावतात, तो त्रास आहेच. आणि तुझ्या पदवीचं नेमकं नाव, त्यातले विषय हे त्या वर्षीच्या सीईटीच्या माहितीपुस्तिकेतल्या पात्रतेच्या कलमाशी स्वतः ताडून बघ, माझ्या शब्दावर फॉर्म भरू नको. मला विचारशील तर तुझ्या जागी मी याच रस्त्याने जाईन, पण माझं गणित बरं होतं आणि तुझा नेमका गणिताचा पेपर राहिलाय, तेव्हा हे तू ठरव. बारावीचं गणिताचं पुस्तक काढून आठवडाभर रोज तासभर बस, खरं काय ते लगेच समजेल. स्वयम पोर्टलवर प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक कोर्स फुकट आहेत, बॅरेकमध्ये मोबाइलवर जमेल तेवढं बघ, आवडतंय की नुसतं आवडेल असं वाटत होतं तेही कळेल.

मामांचं. चोवीस वर्षांचा मुलगा एकोणीसच्या पोरांत बसला तर पहिला महिना अवघड जातो हे खरं आहे, कुणी 'भाऊ' म्हणतं, कुणी 'फौजी', सर सुद्धा जरा जपून बोलतात. नंतर ग्रुप प्रोजेक्ट आलं की सगळ्यांना तूच हवा असतोस, कारण दिलेल्या तारखेला दिलेलं काम करणारा तू एकटाच निघतोस. गॅप का पडली हे फॉर्मवर विचारतील, एक प्रतिज्ञापत्र आणि फौजेचा सेवेचा दाखला जोडला की विषय संपला. या कारणाने पडलेल्या गॅपकडे कुणी वाकडं बघत नाही, आणि मामांना पोरांची काळजी जास्त आहे की लोक काय म्हणतील याची, ते तूच जास्त ओळखतोस.

वडिलांचं मात्र मला तुझ्याइतकं सोपं वाटत नाही. तू लिहिलंयस "ते समजूनच घेत नाहीत", पण गोठ्याचं त्यांचं गणित चुकीचं नाही, दूध रोज निघतं, डिग्री तीन वर्षांनी. सेवानिधी एकूण अंदाजे ११.७१ लाख, त्यावर इन्कम टॅक्स नाही. पण हे पैसे सरकारने वरून दिलेलं बक्षीस नाही हे घरात एकदा कागदावर मांडून दाखव, दर महिन्याला तुझ्या पगारातले तीस टक्के कापले गेले, पहिल्या वर्षी ३० हजारांतले २१ हातात आले, असं करत चार वर्षांत तुझेच ५.०२ लाख जमले, तेवढेच सरकारने घातले, वर व्याज. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, त्यामुळे तुझ्या पुढच्या आयुष्याची सगळी शिल्लक एवढीच. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा लावून, महिन्याला दहा-बारा हजार धर, दोन-तीन वर्षांचे फीसकट चार-पाच लाख कुठे जातात कळत नाही. ते आधी बाजूला काढ, वेगळ्या एफडीत, तुझ्या एकट्याच्या नावाने. उरलेल्यात गोठा बसत असेल तर आनंदाने दे. कमी पडलं तर गोठ्याला कर्ज निघतं आणि डेअरीच्या पगारातून हप्ता जातो, तुझ्या मेसच्या डब्यासाठी कर्ज काढणं तितकं सोपं नाही. आणि हे बोलणं फोनवर करू नकोस, रजेत कर, आई समोर असताना. मामा नसताना.

घाई न करता एक गोष्ट तपासून घे. फॉर्म भरताना 'माजी सैनिक' असा रकाना दिसला की हात आपोआप तिकडे जातो. योजना जाहीर झाली तेव्हाच अग्निवीरांना माजी सैनिकाचा दर्जा मिळणार नाही हे स्पष्ट केलेलं होतं, त्यामुळे लेखी आधार हातात असल्याशिवाय तिथे टिक करू नको, नंतर कागद तपासताना अ‍ॅडमिशन रद्द होण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. आणि इंजिनिअरिंग वगैरेच्या प्रवेशात जो डिफेन्स कोटा असतो तो सैनिकांच्या मुलांसाठी असतो, स्वतः सैनिकासाठी नाही. गावात कुणी एजंट "फौजी कोट्यातून करून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठव.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुला पहिल्यापासून छळतोय. चौकशी केली तर राहायचं नाही असं समजतील का? मला तुझ्या युनिटची हवा माहीत नाही, एखादा साहेब असा असूही शकतो. पण चौघांतला जास्तीत जास्त एक ठेवणार आणि तिघं घरी जाणार हे योजनेतच लिहिलेलं आहे, तुझ्या साहेबांनाही ते पाठ आहे, तेव्हा पुढची सोय बघणारा मुलगा पळपुटा असा अर्थ सहसा कुणी काढणार नाही. आणि गंमत बघ, इग्नूची पदवी सरकारने तुमच्यासाठीच आणलेली आहे, तिची असाइनमेंट देणं, ग्रेड कार्ड मागणं, ट्रेनिंगचे क्रेडिट चढवून घेणं यात लपवण्यासारखं काय आहे, उलट सरळ अर्ज लिहून, चॅनलमधून, वरच्यांच्या सहीने कर. तू कायम झालास तरी ती पदवी तुझीच राहते. पुण्याचं, गोठ्याचं, एमसीएचं बॅरेकमध्ये बोलायची गरज नाही, ते रजेवर ये तेव्हा बघ. जुन्या कॉलेजचा अर्ज मात्र याच रजेत देऊन टाक, जानेवारी २०२७ ला बाहेर पडलास तर जूनच्या प्रवेशापर्यंत पाच-सहा महिने हातात राहतात आणि विद्यापीठाच्या एका पत्राला कधीकधी तेवढे लागतात.